तेलाच्या बाटल्यांना बांगड्या

परवा फोनवर तू विचारलंस, "आजी, गवत कापायच्या मशीनमध्ये स्वयंपाकाचं तेल घातलं तर काय होतं?" मागून तुझी बहीण खिदळत होती आणि तुमचे बाबा कुणावर तरी ओरडत होते. त्यावरून प्रश्न नुसता कुतूहलाचा नाही, हे मी ओळखलं. "घातलं असेल तर मशीन सुरू करू नका," एवढंच मी सांगितलं, आणि तेवढ्यात फोन कट झाला. उरलेलं उत्तर लांब आहे. फोनवर मावणारं नाही, म्हणून लिहिते आहे.

आपल्या घरात हा प्रयोग एकदा पूर्ण झालेला आहे. तो तुमच्या पणजीने केला. तिच्यामुळेच आपल्या मागच्या व्हरांड्यातल्या तेलाच्या बाटल्या गळ्यात काचेच्या बांगड्या घालून बसतात. मागच्या सुट्टीत तुम्ही त्यांचे फोटो काढलेत आणि "आजीच्या नवऱ्या" असं त्यांना नाव ठेवलंत, त्याच त्या बाटल्या.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. तुमचे आजोबा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात मेंटेनन्सला होते. मी अंबडच्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळायची. इंग्रजी शाळेत शिकले होते, त्यामुळे यंत्रांबरोबर येणारी माहितीपत्रकं वाचायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. स्टोअर्समध्ये राहून मला एक सवय लागली, ती अजून गेलेली नाही: प्रत्येक वस्तूला जागा हवी आणि प्रत्येक जागेला खूण हवी. तुमचे आजोबा म्हणायचे, "तुझ्या घरात माणूस फार वेळ एका ठिकाणी उभा राहिला तर त्यालाही चिठ्ठी चिकटेल."

आम्ही राहायचो नाशिकरोडला, पण सुट्टी मिळाली की सायखेड्याला जायचो. तिथे गोदावरीकाठी तुमच्या पणजोबांची द्राक्षाची छोटी बाग होती. पणजोबा त्या वर्षी उन्हाळ्यात गेले. बागेत त्यांनी कुणाला कधी कशाला मज्जाव केला नाही, फक्त इंजिनाला हात लावू दिला नाही. इंजिन म्हणजे औषध फवारायच्या पंपाचं छोटं इंजिन. दोरी गुंडाळायची, झटका मारायचा, की ते फटफटत सुरू व्हायचं आणि शेजारचा पंप लांब नळीतून औषधाची धार फेकायचा. त्याचं तेलपाणी पणजोबा स्वतः करायचे, आणि तेही दाराकडे पाठ करून, जणू आत काही गुपित आहे.

ते गेल्यावर बागेचं काय करायचं, हा प्रश्न आला. तुमचे धाकटे आजोबा, म्हणजे माझे दीर, नाशिकला सरकारी कचेरीत होते. त्यांना आईची काळजी होती. ती खोटी नव्हती. दिवसकार्य उरकल्यावर ते म्हणाले, "आई, बाग वाट्याने देऊन टाकू. तू माझ्याकडे ये. गॅलरीत झोपाळा बांधतो तुला."

पणजी भाकरी थापत होती. ती म्हणाली, "झोपाळ्यावर बसून बघू काय? समोरच्या बाईची वाळत घातलेली पातळं?"

"मग काय या वयात तू इंजिन चालवणार?"

"तुला चालवलं, आता इंजिन जड हाय का मला?"

आम्ही सगळे हसलो, दीर सोडून. शेवटी त्यांनी अट घातली. हा एक हंगाम पणजीने बघावा. पण एक जरी फवारणी चुकली तर बाग वाट्याने जाईल आणि पणजी नाशिकला येईल. पणजीने तव्यावरची भाकरी उलटली आणि आपली अट घातली. "नाय चुकली, तर तू दर शनवारी यायचं आन् माझ्यामागं नळी ओढायची. हाय कबूल?"

दीर हसून म्हणाले, "कबूल." ते इतक्या सहज हो म्हणाले, यावरूनच त्यांना निकाल काय लागेल असं वाटत होतं ते कळलं.

तुम्हाला हे कळायला हवं की द्राक्षाला फवारणी म्हणजे काय. दसऱ्याच्या सुमाराला वेलींची छाटणी होते. मग कोवळी पालवी फुटते आणि तिच्यात इवलेइवले घड दिसू लागतात. त्या दिवसांत ढग आले, पानांवर पाणी साचून राहिलं, की डावणी नावाची बुरशी येते. पानाच्या खाली पांढरी भुकटी दिसते आणि बघता बघता घड सुकून गळून जातात. म्हणून आभाळ भरून आलं की त्याच दिवशी औषध मारावं लागतं. उद्या चालत नाही. पणजीचं सगळं मन त्या एका इंजिनावर टांगलेलं होतं.

छाटणी झाली. पहिल्या फवारण्या वेळेवर झाल्या. पणजी पदर खोचून दोरी ओढायची, इंजिन फटफटायचं, आणि बागेत कामाला असलेल्या गड्याची बायको नळी धरायची. आम्ही रविवारी गेलो तेव्हा मी स्वतः पाहिलं. तेव्हा मला बागेत एक वास आला. चांगला वास होता, ओळखीचा, भूक लागेल असा. मला वाटलं, कुणाच्या तरी घरी काही तळणं चाललंय. शेजारच्या बागेतून एकाने हाकही मारली, "काकू, आज इंजिनावर भजी काढली का काय? लय वास सुटलाय!"

पणजीने तिकडून आवाज दिला, "ये की, कांदा घेऊन ये!"

यावर आम्ही सगळे हसलो आणि विसरून गेलो.

दिवाळीला आम्ही सगळे सायखेड्याला जमलो. आधीच्या दिवशी मी आणि जाऊबाईंनी मिळून शेव, चकल्या, शंकरपाळे तळले होते. पाडव्याच्या सकाळी बघतो तर आभाळ खाली उतरलेलं, रात्री भुरभुर झालेली आणि पानापानावर पाणी. पणजी बागेत चक्कर मारून आली. पाय चिखलाने भरले होते. "आंघोळी मागून करा," ती म्हणाली. "आज औषध मारायचंच."

दीर आनंदाने पुढे झाले. त्यांनी दोरी गुंडाळली आणि जोरात ओढली. इंजिन नेहमी दोन-तीन वेळा फुसफुसायचं, तसं काही झालं नाही. दोरी अर्ध्यावर येऊन थांबली, जणू आतून कुणी धरून ठेवली आहे. त्यांनी पुन्हा ओढली. तिसऱ्या वेळेला दोरी सुटली आणि दीर नव्या लेंग्यासकट चिखलात बसले.

जाऊबाई ओट्यावरून म्हणाल्या, "राहू द्या हो. त्यालाही दिवाळीची सुट्टी हवी असेल."

दीर उठले, मागून लेंगा झटकला, आणि आईकडे बघितलं. पणजीने त्यांच्याकडे बघितलं नाही. ती बागेकडे बघत होती. तिचा चेहरा तेव्हा कसा झाला होता ते मला आजही दिसतं. चिडलेला नव्हता. प्रवासाला निघालेल्या माणसाला शेवटची गाडी चुकल्यावर होतो, तसा.

तुमचे आजोबा वाकून बसले. इंजिनाच्या कुशीला तेल तपासायची एक बारीक पट्टी असते, ती त्यांनी काढली. तिच्यावर काळं तेल चिकटलेलं असायला हवं होतं. त्याऐवजी पिवळट, चिकट, गुळाच्या पाकासारखं काहीतरी तार धरत होतं. त्यांनी ते बोटांत चोळलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "पाणी शिरलं की काय? हे कसलं तेल म्हणायचं?"

मी जवळ उभी होते. माझ्या केसांना अजून कालच्या तळणाचा वास येत होता आणि पट्टीलाही तोच. मी ती हातातून घेतली, नाकाशी नेली आणि म्हणाले, "अहो, हे माझ्या शेवेच्या कढईतलं तेल आहे."

"काय?"

"भुईमुगाचं. घाण्याचं."

सगळ्यांनी वळून पणजीकडे पाहिलं. पणजीने पदर सावरला. "मग? चांगलंच तेल घातलंय. माझ्या घरात हलकं तेल येत नाय."

हळूहळू सगळं बाहेर आलं. पणजोबा दरवर्षी खंडेनवमीला इंजिनाची पूजा करायचे. तुम्हाला माहीत आहे ना, दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपण हत्यारं, अवजारं, शिलाई मशीन, स्कूटर, सगळ्यांची पूजा करतो? इंजिन धुवायचं, खालचा बोल्ट सोडून वर्षाचं काळं तेल काढून टाकायचं, नवं तेल भरायचं आणि मग झेंडूची माळ. ही त्यांची रीत. पणजीने ती जशीच्या तशी पाळली. बोल्ट सोडला, काळं तेल काढलं, आतून फडकं फिरवलं. मग भरायची वेळ आली आणि ती अडली. पणजोबांनी उन्हाळ्यातच पुढच्या हंगामाचं सगळं तेल आणून ठेवलं होतं, पण तीन एकसारख्या बाटल्यांत. एक इंजिनाची, एक पंपाच्या गिअरची, एक त्यांच्या जुन्या मोपेडच्या पेट्रोलमध्ये मिसळायची. कोणती कशाची ते फक्त पणजोबांना माहीत होतं.

"तीन बाटल्यांतली कुठली, कळंना," पणजी म्हणाली. "कुणाला विचारावं, तर हा म्हणणार, बघ आई, तुला जमत नाय. मंग म्हटलं, चुकीचं घालण्यापरीस चांगलं घालावं. तुमच्या वडलांना जे जन्मभर जेवायला दिलं तेच त्यालाबी दिलं."

तुमचे आजोबा आधी हुंकारले, मग त्यांचे खांदे हलायला लागले आणि मग ते चिखलाची पर्वा न करता बांधावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "म्हणून भज्यांचा वास!" ते म्हणत होते. "आई, महिनाभर तू बागेला भजी तळून घातलीस!" दीरसुद्धा हसले. फक्त पणजी हसत नव्हती. ती पुन्हा बागेकडे बघत होती.

आता थोडं शिकवते, रागावू नका. तेल म्हणजे नुसता ओशटपणा नसतो. खाण्याचं तेल गरम होतं, हवा लागते, आणि मग ते घट्ट होऊन चिकटतं. तुमच्या आईला विचारा, भज्यांची कढई न धुता ठेवली तर कडेला कसा पिवळा राप बसतो. तो राप इंजिनाच्या पोटात बसला होता. वर थंडीची सकाळ. इंजिनाचं तेल असं बनवलेलं असतं की ते तापून पार पाण्यासारखं होत नाही आणि गारठ्यात गोठूनही बसत नाही. म्हणूनच डब्यावर दोन आकडे असतात: पहिला गारठ्यातला, दुसरा तापल्यावरचा. आमच्या इंजिनावर एक पत्र्याची पट्टी होती. तिच्यावरचा चिखल मी ओल्या फडक्याने पुसला आणि मोठ्याने वाचलं. वीस आणि चाळीस हे आकडे त्यात होते.

"आकडे मला माहीत आहेत," तुमचे आजोबा म्हणाले. "पण बाटलीवर कुठे आहेत?"

तीनही बाटल्यांवरची कागदं तेलाने कधीच गळून पडली होती. पाडव्याचा दिवस, गावातली दुकानं बंद. तीन बाटल्या ओट्यावर ओळीने उभ्या होत्या आणि आम्ही त्यांच्याभोवती.

इथे तुमची आई कामाला आली. ती तेव्हा शाळेत होती, परकर-पोलक्यात. तुमच्या आजोबांनी तिला सांगितलं, "जा, फराळाचं स्टीलचं ताट आण." ते ताट त्यांनी पाटाला टेकवून तिरकं उभं केलं आणि वरच्या कडेला तिन्ही बाटल्यांतला एकेक थेंब ठेवला. "आता शर्यत लावू."

मोपेडचं तेल सर्वांत पातळ. ते सुळकन खाली आलं. गिअरचं सर्वांत जाड. ते वरच रेंगाळत राहिलं. मधला थेंब ना घाईत, ना आळसात, व्यवस्थित चालत खाली आला. तुमची आई आणि चुलत भावंडं टाळ्या वाजवत ओरडत होती, "मधला! मधला!" दीर म्हणाले, "आळशी थेंब माझ्यासारखा दिसतोय," तेव्हा जाऊबाई म्हणाल्या, "तुमच्यापेक्षा पुष्कळ पुढे आहे तो." नुसत्या शर्यतीवर भरवसा नको म्हणून आजोबांनी वासही घेतला. गिअरच्या तेलाला एक कुबट, उग्र वास असतो. मोपेडच्या तेलाला रंग असतो, पेट्रोलमध्ये मिसळलं की कळावं म्हणून. मधली बाटली सोनेरी होती, उग्र वास नव्हता. "हेच," ते म्हणाले.

तेल सापडलं, पण आतला पाक काढायचा कसा? बोल्ट सोडला तर थेंबसुद्धा खाली येईना. काकवीची बाटली थंडीत उपडी करावी तसं. दीर म्हणाले, "जाळ करू खाली?" तुमचे आजोबा ओरडले, "पेट्रोल आहे त्यात! दिवाळी आहे म्हणून काय इंजिनाचा फटाका करायचा?"

 पणजी आत गेली आणि न्हाणीघराच्या दारातून तिने विचारलं, "बंबात पाणी तापलंय. त्यानं होईल का?"

बंब म्हणजे पाणी तापवायचं तांब्याचं मोठं भांडं, तुम्ही आपल्याकडे शोभेला ठेवलेलं पाहिलं आहे. पाडव्याच्या आंघोळींसाठी तो पहाटेच पेटवला होता आणि सगळ्यांच्या आंघोळी तर मागे राहिल्या होत्या. तुमचे आजोबा क्षणभर थांबले आणि म्हणाले, "आई, उत्तम होईल!" मग पेट्रोलची टाकी सोडवून लांब नेऊन ठेवली, इंजिनाच्या वरच्या भागाला गोणपाट गुंडाळलं, आणि खालच्या पोटावर हळूहळू तांब्या-तांब्याने कढत पाणी. घरात सगळ्यांच्या आधी पाडव्याची आंघोळ इंजिनाची झाली. माझ्या मुलीने उटण्याची वाटी आणली होती. "बाबा, हे पण लावू?" आजोबा म्हणाले, "लाव, पण नाकात जाऊ देऊ नकोस," आणि तिने खरोखर एक बोट इंजिनाच्या अंगाला लावलं.

थोड्या वेळाने पणजीच्या चांगल्या तेलाची जाड धार खाली उतरू लागली. सगळं निघाल्यावर आजोबांनी इंजिनाच्या तेलात थोडं रॉकेल मिसळून आत ओतलं, इंजिन चालू न करता दोरीने हलकेच फिरवलं आणि ते धुण्याचं तेलही काढून टाकलं. मग बोल्ट कसला आणि सोनेरी तेल भरलं, तेल तपासायच्या पट्टीवरच्या खुणेपर्यंत, एक थेंब जास्त नाही. हेही लक्षात ठेवा: जास्त तेल म्हणजे जास्त माया नव्हे.

दोरी दीर ओढणार होते. पणजीने त्यांना बाजूला केलं. पदर खोचला, दोरी गुंडाळली, एकदा माझ्याकडे बघितलं आणि झटका मारला. इंजिन खोकलं. दुसऱ्या झटक्याला पांढरा धूर सोडला, भज्यांच्या उरल्यासुरल्या वासाचा. तिसऱ्याला फटफटत सुरू झालं. मुलांनी असा आरडाओरडा केला की शेजारच्या बागेतली माणसं बांधावर आली.

गडी आणि त्याची बायको भाऊबिजेसाठी तिच्या माहेरी गेले होते. नळी ओढायला नेहमीचं कुणीच नव्हतं. पणजी नळीचं तोंड हातात धरून ओळीच्या सुरुवातीला उभी राहिली, मागे वळली आणि दिरांना म्हणाली, "आज शनवार नाय. पर सुरुवात करायला काय हरकत हाय?"

दिरांनी चिखलाचा लेंगा गुडघ्यापर्यंत वर ओढला आणि नळी खांद्यावर घेतली. दुपार होईपर्यंत सगळी बाग झाली. शेवटच्या ओळीत असताना ऊन पडलं. आमच्या आंघोळी मग गार पाण्याने झाल्या, कारण बंबातलं पाणी संपलेलं होतं. 

जेवताना दीर म्हणाले, "चुकलीच असती ग आई आज."

"चुकली का?"

"नाही."

"मंग वाढ त्याला अजून, सूनबाई. नळी ओढून दमलंय लेकरू."

मी स्टोअर्सची बाई. माझं काम त्या जेवणानंतर सुरू झालं. मी तीनही बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, मराठीत मोठ्या अक्षरांत. संक्रांतीपर्यंत त्या तेलाने सुटून गळून पडल्या, हे आजोबांनी मला आवर्जून दाखवलं. मग मी रंग ठरवले. इंजिनाच्या तेल भरायच्या तोंडाला लाल ऑइलपेंटचा टिपका, पंपाच्या गिअरला हिरवा, मोपेडच्या पेट्रोलच्या टाकीला निळा. यंत्र तेच राहतं, टिपका राहतो. पण बाटली बदलते. दर हंगामाला नवी येते. तिला दर वेळी कोण रंगवणार? जुन्या बाटलीवरून नव्या बाटलीवर जाईल अशी खूण हवी होती, आणि ती अशी हवी की तेल लागलं तर पुसून पुन्हा रंग दिसावा.

आम्ही दोघी ओट्यावर बसून त्यावर बोलत होतो. मी म्हणत होते, प्लास्टिकची कडी, रबर, रंगीत दोरा. दोरा तर दोन दिवसांत काळा होईल. पणजी माझ्या हाताकडे बघत होती. मी बोलताना हात फार हलवते, बांगड्या वाजतात. ती म्हणाली, "काच बघ की. काचंला तेल लागत नाय."

बाजाराच्या दिवशी आम्ही दोघी एक रिकामी बाटली घेऊन कासाराकडे गेलो. पणजोबांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. पणजी कासारासमोर पाटावर बसली तेव्हा शेजारच्या बायका बोलायच्या थांबल्या. कासार म्हातारा होता, ओळखीचा. त्याने माझ्याकडे हात केला, "या ताई, तुम्हाला भरायच्या का?"

"तिला नाय," पणजी म्हणाली आणि पिशवीतून बाटली काढून त्याच्या पुढ्यात ठेवली. "हिला भर. गळ्यात घट्ट बसंल, टोपणाखाली अडकंल अशी. एक लाल, एक हिरवी, एक निळी."

कासाराने बाटलीकडे पाहिलं, पणजीकडे पाहिलं. "बाटलीला?"

"मशिनीची हाय ती. आन् मशीन माझी सवाष्ण हाय अजून."

आधी कासार हसला, मग त्या बायका. त्यातली एक म्हणाली, "आत्या, बारसं कधी घालताय?" पणजी म्हणाली, "कळवीन की. येताना घुगऱ्या घेऊन ये." मोठ्यांच्या बांगड्या सैल होत होत्या. शेवटी लहान मुलींच्या बांगड्यांतून माप जुळलं. एक घालून बघताना तडकली. कासाराने रीतीप्रमाणे वर एक बांगडी आशीर्वादाची दिली, पिवळी. पणजीने ती पदराच्या टोकाला बांधली.

मला वाटलं, ती घरी ठेवेल, पेटीत वगैरे. घरी आल्यावर ती सरळ स्वयंपाकघरात गेली आणि भुईमुगाच्या तेलाच्या बाटलीच्या गळ्यात तिने ती पिवळी बांगडी अडकवली. "हिलाबी खूण पायजे," ती म्हणाली. "नायतर थोरला एक दिवस भज्यांत गिअरचं तेल घालंल."

त्यानंतर बागेत पुष्कळ यंत्रं आली. वीज जायला लागली तेव्हा छोटा जनरेटर आला. जुन्या वेली काढायच्या होत्या तेव्हा पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत आली. तिला दोन तेलं लागतात: एक पेट्रोलमध्ये मिसळायचं, म्हणजे निळी बांगडी, आणि एक साखळीवर पडायचं, ते चिकट हवं, नाहीतर साखळी फिरताना उडून अंगावर येतं. त्यासाठी पांढरी बांगडी आली. आजोबांच्या ड्रिल मशीनच्या तोंडाशी ग्रीस लागतं, तेल नाही, आणि शिलाई मशीनला पाण्यासारखं पातळ, कारण जाड घातलं की त्यात धागे नि धूळ बसते. नवं यंत्र आलं की पणजी आधी विचारायची, "हिची बांगडी कंची?" मी यंत्रावरची पट्टी वाचायची, आजोबा दुकानात जायचे आणि ती टिपका द्यायची. आमच्यातल्या कुणालाही हे एकट्याने जमलं असतं. पण तिघांनी मिळून केलं की मजा यायची.

आणि दीर? ते शनिवारी येत राहिले. पहिल्या वर्षी कुरकुरत, मग सवयीने, मग निवृत्त झाल्यावर शुक्रवारीच संध्याकाळी. दर पाडव्याला ते जेवताना म्हणायचे, "आई, या वर्षी एक जरी फवारणी चुकली तर..." आणि पणजी म्हणायची, "वाढ गं त्याला." तिच्या हयातीत बाग वाट्याने गेली नाही. झोपाळा मात्र आला. तो दिरांनीच आणला आणि बागेत, पंपाच्या छपराखाली बांधला. तिथून पणजीला सगळ्या ओळी दिसायच्या आणि नळी कोण नीट ओढत नाही तेही.

तेव्हा आता तुमचं काम. मशीन सुरू करू नका. तुमच्या बाबांना सांगा, खालचा बोल्ट सोडायच्या आधी मशीन कोमट करा, गरम पाणी चालेल, पेट्रोल लांब ठेवून. मशीनवरच्या पत्र्याच्या पट्टीवर काय लिहिलंय ते मला वाचून दाखवा. मग दुकानात जाऊन तेवढेच आकडे असलेली बाटली आणा, आणि तेल तपासायच्या पट्टीवरच्या खुणेपर्यंतच भरा.

बांगड्यांची पुडी तुमच्या आईकडे पाठवते आहे, कापसात गुंडाळून. तुमच्या मशीनला लाल. त्यातली पिवळी तुमच्या स्वयंपाकघरातल्या बाटलीची आहे. ती आधी अडकवा.